बाबांचा तांब्याचा पैसा

ता. ४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शिलाई मशीनची मोटर पोचली, बसवलीही. पायांचं काम संपलं, तसं डोकं चालायला लागलंय.

बाबांनी कंडक्टर असताना बाजूला काढलेला तांब्याचा पैसा नाणेवाल्याला विकला आणि त्यातून मोटर आली, असं तू लिहिलंस. काल पेपरात वाचलं, त्यावरच्या साली असे पैसे फार थोडे पाडले होते. चांगल्या स्थितीतल्या एकाला दहा मोटरींची किंमत येते म्हणे. आपल्या पैशात काय कमी होतं? परक्यापुढे बाबांची वस्तू कळकट दिसू नये, म्हणून तुझ्या हाती देण्याआधी मी लिंबू-मीठ लावून तासभर घासला होता. मग उरलेल्या नऊ मोटरी कुठे गेल्या?

तू स्कूटर विकलीस, असंही कानावर आलंय. नवी घेणार असशील. लहानपणी बिस्किटाचा मोठा तुकडा तुझ्याच बशीत जायचा, तेव्हा मी गप्प बसले. आता नाणेवाल्याची पावती धाड.

माया आहेच, पण डोळे उघडे ठेवून.

तुझी ताई

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पावती हरवली. छापखान्यात कागद कुठे जातात देव जाणे. पेपरातलं फार मनावर घेऊ नकोस, तो छापणाऱ्यांतला मीही एक आहे. पैसा जेवढ्याला गेला, तेवढ्याची मोटर आली.

स्कूटर फार कुरकुरायची. चालल्याने माझं पोट उतरतंय, अशी घरातून पावती मिळाली आहे, ती हवी तर पाठवतो. नाणेवाल्याकडे मात्र जाऊ नकोस, माणूस तुसडा आहे.

मोटरला तेल देत जा. रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

धाकटा

ता. १५ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जाऊ नकोस म्हणालास, तेव्हा चोराच्या मनात चांदणं, असं म्हणत तडक गेले. माणूस मुळीच तुसडा नाही. त्याने खुर्ची दिली, हातात भिंग दिलं. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंगच संग्राहक आधी बघतात, म्हणाला. तो एकदा घासून काढला, की साल कितीही दुर्मीळ असलं तरी किंमत उरत नाही. मध्यंतरी एका गृहस्थांनी असाच लख्ख पैसा आणला होता. हा कोणी घासला, असं विचारल्यावर ते मान खाली घालून म्हणाले, मीच.

काउंटरवर एक वाडगा होता. त्यातलं कुठलंही नाणं घ्या, दर एकच. सगळ्यात वर आपला पैसा चकाकत होता.

मी तुला चोर ठरवलं, आणि तू माझा वेडेपणा स्वतःवर घेऊन, मोटरीसाठी स्कूटर विकून छापखान्यात पायी जातोस. फार लाज वाटली रे. मोटर सुरू केली की हात थांबतो.

शर्टाच्या बटणांना पडतात तेवढ्यात पैसा परत घेतला. सोबत पाठवतेय. तुझ्याकडेच ठेव, खुशाल काळा पडू दे. माझ्या हाती मात्र पुन्हा देऊ नकोस.

थकला नसशील तर एक दिवस इकडेही चालत ये.

तुझी ताई