आखाड संपायच्या आत कपाट

१२ जुलै, शनिवार
आजपासून रोजनिशी. काम मोठं आहे, नोंद हवी.
वारणानगरहून विहीणबाईंचा फोन. आमच्या स्वप्नालीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. पण बाई स्पष्ट म्हणाल्या, पावणं, तुमच्या घरात आता बाईमाणूस न्हाय. पोरगी कुणाच्या जिवावर धाडायची? आखाड संपला की मी सोता येतो, सोय बघतो, मग ठरवू.
सोय! वर्कशॉपचं स्टोअर जन्मभर सांभाळलेल्या माणसाची सोय बघणार!
लगेच खोलीची पाहणी केली. पलंग ठीक. पंखा ठीक. कपाट मात्र लाज आणणारं. सुट्या फळ्यांचं, बायकोनं, वर्षाराणीनं, हट्टानं ऑनलाइन मागवलेलं. जोडलं मीच. तिनं नुसत्या फळ्या धरल्या आणि मी ओरडलो की हसायची. शेवटी काही स्क्रू उरले, ते कंपनीनं जास्तीचे पाठवले होते. दिवाळीला ती गेली. कपाट उभं आहे, पण पार पांढरट पडलंय. विहीणबाई आधी तेच बघणार.
निर्णय: सागवानी फिल्म. स्वतः चिकटवणार.

१३ जुलै, रविवार
स्वप्नालीला फोनवर बेत सांगितला. म्हणाली, पप्पा, आईच्या कपाटाला हात लावू नगासा. हाय तसंच असू दे.
पोर संकोची आहे. बापाला त्रास नको म्हणून बोलते. म्हणजे आता करायलाच हवं.
शेजारच्या शमशादभाभी आमटी घेऊन आल्या. म्हणाल्या, भाऊ, पोरगीला आणा बिनघोर. आमच्या फरहीनची दोन्ही बाळंतपणं मीच केली की. हिचं पण करतो. मी म्हटलं, बघू. एकदा कपाट झालं की प्रश्नच मिटतो.

१५ जुलै, मंगळवार
कळंब्यातल्या रेडियमच्या दुकानात गेलो. गाड्यांना स्टिकर लावणारा तोहिद म्हणाला, काका, मीच येऊन लावतो की, अर्ध्या तासाचं काम हाय. अर्ध्या तासात कुठलं नीट काम होतं? नको म्हणालो. म्हणाला, मग पाणी बेतानं मारा. काल मिसरूड फुटलेल्यांनी सल्ले द्यायचे दिवस आलेत.
माप वितीनं नेलं होतं. माझी वीत पक्की आहे.

१८ जुलै, शुक्रवार
पूर्वतयारी. उजव्या दाराला लांब आरसा आहे. त्याच्या कडेकडेनं फिल्म कापत बसायची म्हणजे नसती कटकट. आरशासकट झाकायचं ठरवलं. तोंड बघायला बेसिनवर एक आरसा आहे.
आरशावर टिकल्या. रोज रात्री कपाळाची काढून तिथं चिकटवायची, ही तिची सवय. मरून, लाल, सणाच्या खड्यांच्या. काही माझ्या छातीच्या उंचीवर, काही त्याखाली. ती बुटकीच होती. फिल्मखाली टेंगळं दिसतील म्हणून पट्टीनं खरवडून काढल्या. डबीत ठेवाव्यात असं वाटलं. पण मोडका माल साठवला की स्टोअर बिघडतं, हा माझा अनुभव. केराच्या गाडीत टाकल्या.
डोळे फार झोंबले. थिनरचा परिणाम. जेवलो नाही.

२० जुलै, रविवार
थिनर आणला. शुक्रवारी आणायचा राहूनच गेला होता.
डावं दार पूर्ण. मोबाइलवरच्या व्हिडिओत साबणाचं पाणी फवारतात. मी बादलीनं मारलं. फवाऱ्यानं काय होतंय? फिल्म छान सरकली. एका बाजूला जरा जास्त सरकली.
पाऊस थांबत नाही. गगनबावड्याचा सगळा पाऊस आमच्याच खिडकीतून येतोय.

२३ जुलै, बुधवार
डावं दार कडांनी फुगलंय. फळीत म्हणे लाकडाचा भुसा असतो, पाणी पितो. कंपनीचा दोष. आता दार लागत नाही. कपाटाला हवा खेळती राहील.
सागवानी फिल्म उजव्या दाराला पुरली नाही. वीत बरोबर होती, फिल्मच आखूड निघाली. तोहिदकडं सागवानी शिल्लक नाही. बुलेटच्या टाकीला लावतात ती काळी घेतली. एक दार सागवानी, एक काळं. हल्ली अशीच फॅशन आहे.
काळ्या दारावर एक बारीक बुडबुडा राहिला. टाचणी मारली, बसला नाही. पट्टीनं दाबला, बसला नाही. घरात दुसरं कुणी दाबायला नाही. राहू दे.

२६ जुलै, शनिवार
आखाड संपला. उद्या विहीणबाई, जावई विश्वजित आणि स्वप्नाली येणार.
सकाळी डाव्या दाराची बिजागरी फळीतून निसटली. स्क्रू भुशात धरत नाही. वर्षाराणीच्या परकराची नाडी घेऊन दार उजव्या दाराच्या मुठीला बांधलं. तात्पुरतं. कडांना ऑइलपेंट मारला, वाळलेला नाही.
एकंदर काम उत्तम. दारातून बघितलं तर फारच उत्तम.

२७ जुलै, रविवार, सकाळ
खोली झाडली. नवी चादर घातली. शमशादभाभींनी पोळ्या दिल्या. आज पोर हो म्हणणार.

२७ जुलै, संध्याकाळ
विहीणबाई खोलीत आल्या. कपाटापुढं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पावणं, कपाटाला नाडी? पदराला रंग लागला, पण बोलल्या नाहीत. मोठ्या मनाची बाई. शमशादभाभींनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मी रोज येतो, रातीला झोपाय येतो, पोरगीला फुलागत जपतो. बाईंनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं. मग चक्क म्हणाल्या, तुम्ही असताना मला काळजी न्हाय. काय गं स्वप्नाली, ऱ्हातीस न्हवं?
जिंकलो होतो.
स्वप्नाली काळ्या दारापुढं उभी होती. हात फिल्मवरून फिरवत होती. आरसा कुठाय, म्हणाली. म्हटलं, आत आहे, सुरक्षित. मग तिनं विचारलं, आणि आईच्या टिकल्या?
मी खरं ते सांगितलं. साफ केल्या म्हणालो.
ती रडली नाही. म्हणाली, मला वाटलं हुतं, आई न्हाय तर तिच्या आरशात बघून तरी कुंकू लावीन रोज. मग सासूकडं वळली. म्हणाली, नगं आत्या. तिकडंच बरं हाय.
विहीणबाईंनीच तिला समजावलं. ऐकलं नाही. जाताना माझ्या पाया पडायला वाकत होती, या अवस्थेत. मी धरलं. औषधं वेळेवर घ्या म्हणाली.
पोळ्या तशाच उरल्या.

२८ जुलै, सोमवार
कपाटाचा दोष नाही. भुशाचा नाही, फिल्मचाही नाही. ती सांगत होती, मी ऐकलं नाही. वर्षाराणीही हेच म्हणायची, तुम्हाला सांगून उपयोग न्हाय.
शमशादभाभींकडून केस वाळवायचं मशीन आणलं. काळी फिल्म गरम करून कोपऱ्यातून सोलायला घेतली. निम्मी फाटली. बुडबुड्यापाशी आलो, तिथं हळू ओढली.
हवा नव्हती. टिकली होती. मरून, रोजच्यातली. माझ्या छातीच्या उंचीवर. पट्टीतून कशी सुटली कळत नाही.
फिल्मबरोबर उचलून आली. नखानं सोडवली, आरशावर परत लावली. खाली पडली. परत लावली. मागचा गोंद गेलाय. शेवटी बोटानं दाबून धरून उभा राहिलो. बोट काढलं की पडते.
आरशात मीच दिसत होतो.
स्वप्नालीला फोन लावला, तिनं उचलला नाही. उद्या परत लावायचा. कपाटाचं काही बोलायचं नाही. एवढंच सांगायचं, एक हाय.