पेट्यांमागची भिंत

आई, नेकनूरकडच्या एका वसतिगृहात भिंत तपासायला गेले होते, ते सगळं तुलाच सांगावंसं वाटतंय. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुली तिथं राहतात. पावसाळ्यात स्लॅब गळला, भिंती ओल्याच राहिल्या आणि मुली खोकायला लागल्या. भिंतीवरची बुरशी विष सोडते का, हे तिथल्या धुळीवरून शोधायचं, असं माझं काम. लहानपणी मी घरातल्या ओल्या भिंती हुंगत हिंडायचे, तेव्हा तू भाकरी थापता थापता ओरडायचीस, "भिंत कावून हुंगतीस? लई घाण हाय ती." आता त्याच घाणीचा मला पगार मिळतो, आणि बऱ्यापैकी मिळतो.

पोचते तर दारात रांगोळी, शाल, नारळ. माझा सत्कार. आत सगळी खोली पांढरीशुभ्र, चुन्यात नीळ घालून रंगवलेली. अधीक्षक सर कौतुकाची वाट बघत उभे. "तुमी येणार म्हणून कालच रंगवून घेतली, मॅडम. लई काळी झालती." जे तपासायचं तेच त्यांनी माझ्या मानासाठी झाकून टाकलं होतं. माझं डोकं फिरलं, पण पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडं आधी भिंतीलाच हात घालतात, त्यांना तरी काय बोलणार? मग मुलींच्या पत्र्याच्या पेट्या दिसल्या. त्या ओढायला लावल्या. रंगाऱ्यानं पेट्या न हलवता कडेकडेनं ब्रश फिरवला होता. मागं काळी बुरशी जशीच्या तशी. तोंडाला मास्क लावून मी तिथली धूळ डबीत भरली.

अहवालात विष निघालं, तो घेऊन मी परत वसतिगृहावर गेले. खोली रिकामी करा म्हटल्यावर सरांचा चेहरा उतरला. "पोरी कुठं ठिवू? आईबाप उसाच्या फडात नेतील त्यांना. एकदा गेली की शाळा सुटली." त्यांचं खरं होतं. पण त्या खोलीत मी एकीलाही झोपू देणार नव्हते. गावात ग्रामपंचायतीचं नवंकोरं सभागृह कुलपात होतं, कारण उद्घाटनाला साहेबांची तारीख मिळत नव्हती. सरपंचबाई म्हणाल्या, "नारळ फुटल्याबिगर कसं उघडावं?" सत्काराचा नारळ माझ्या गाडीतच पडलेला. तो मी एका मुलीच्या हातात दिला आणि तिनं दणकन पायरीवर आपटला. सरपंचबाई हसल्या आणि त्यांनी किल्ली काढली. अंथरुणं धुऊन, उन्हात वाळवून मुली तिथं राहायला गेल्या. एकही फडावर गेली नाही. मला माझाच अभिमान वाटला, सांगून टाकते.

निघताना सरांनी विचारलं, "आता खोकला थांबंल ना, मॅडम?" मी ठणकावून म्हटलं, "थांबेल." अहवालात तसं काही नसतं, आई. धुळीत काय आहे तेवढं तपासणीत कळतं. कुणाचा खोकला कशानं, ते कळत नाही. तू ज्या शाळेत खिचडी शिजवायचीस, तिथली भिंतही बारा महिने ओली असायची. तू शेवटपर्यंत खोकत राहिलीस आणि सगळे म्हणाले, चुलीचा धूर. मीही तेच म्हणाले. ती शाळा आता पाडलीय, तिथली चिमूटभर धूळही मिळायची नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. सरांनी त्या मुलींचं विचारलं होतं, आणि मी उत्तर तुझ्या खोकल्याला दिलं.