बाबांनी ठोकलेल्या खिळ्याला अखेर मेडल

किलत्रासना,
सोमवार, दूध डेअरीत घालून आल्यावर

तीर्थरूप फादर मॅलकी यांसी,

कोलमनचा गुडघा वाकेल तितका नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. आईची तब्येत उत्तम असून पायांची सूज उतरली आहे, तांबडी गाय व्यायली आहे, आणि कॅनन लॅफींचं प्रवचन अजूनही दर रविवारी तेवढंच लांब आहे. तिकडे बॉस्टनला आपली प्रकृती कशी आहे? आपला खोकला गेला का? आईनं विणलेले लोकरी बनियन आपण अंगात घालता की कोणा गरिबाला देऊन टाकता, हे तिनं मुद्दाम विचारायला सांगितलं आहे. आपल्या आशीर्वादाची आम्हा सर्वांना गरज आहे. (मला सर्वांत जास्त. का, ते शेवटी लिहितो.)

बरं. इथपर्यंतचं आईला वाचून दाखवलं आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. तेव्हा आता सरळ बोलतो. मॅलकी, तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा. झगा घातल्यापासून तुला थोरला धरायचं असा तिचा हुकूम आहे, म्हणून वरचं सगळं 'आपण'. पण लहानपणी तुला विहिरीच्या कठड्यावरून ओढून काढताना मी 'आपण' म्हणालो नव्हतो.

आम्ही जिंकलो! किलत्रासनानं काठी-चेंडूचा ज्युनियर कप जिंकला, तोही शेजारच्या लिसगोरीला हरवून! तुला माहीतच आहे, आपल्या गावानं हा कप याआधी फक्त दुसऱ्यांच्या हातात पाहिला. आजोबांच्या काळी एकदा आपण अंतिम सामन्याला पोचलो होतो, पण नेमकी त्याच दिवशी गवताची कापणी निघाली आणि अर्धा संघ शेतात राहिला. (त्या वर्षीचं गवत फार चांगलं होतं, असं आजोबा मरेपर्यंत सांगत. त्याखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं.)

आणि स्वयंपाकघरातल्या त्या फडताळावरचा खिळा तू विसरला नसशील. वरच्या फळीवर तुझा दीक्षेच्या दिवशीचा फोटो आणि त्याच्यापुढे तांबडा दिवा. त्या फोटोच्या बरोबर खाली बाबांनी स्वतःच्या हातानं ठोकलेला खिळा. 'इथं कोलमनचं मेडल लागेल,' असं म्हणून त्यांनी हातोडी खाली ठेवली, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि गावात माझ्याएवढा वेगात धावणारा फक्त कॅननचा कुत्रा होता. बाबा गेले, मी एकेचाळीस वर्षांचा झालो, आणि त्या खिळ्याला आई चहाची गाळणी अडकवत आली. ती एका शब्दानं कधी बोलली नाही, पण दररोज सकाळी चहा गाळताना तिथून गाळणी काढायची आणि माझ्याकडे बघायची. तू बॉस्टनमध्ये हजार लोकांना पापमुक्त करतोस, इथं एक गाळणी मला दररोज दोषी ठरवते.

माझी एवढ्या वर्षांची कारकीर्द तू दुरून ऐकली आहेस, पण ऐकणं वेगळं. सुरुवात गोलरक्षक म्हणून झाली, कारण गोलमध्ये उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तिथं समोरचे चार दात गेले. मग मला बचावात घेतलं, तिथं करंगळी वाकडी झाली. मग पुढच्या फळीत टाकलं, तिथं गुडघा गेला. म्हणजे मैदानावर अशी एक जागा नाही की जिथं माझा एखादा अवयव पुरलेला नाही. (दातांची कवळी सामन्याआधी टोपीत काढून ठेवायची आपल्याकडची रीत आहेच. मागच्या साली त्या टोपीत तिघांच्या कवळ्या होत्या. सामन्यानंतर चहा पिताना कळलं की माझ्या तोंडात आपल्या संघाचा सेक्रेटरी दिनी हॅकेट याचे दात आहेत. दिनीला तेव्हाच कळलं होतं, पण माझे त्याला जास्त नीट बसत होते, म्हणून तो गप्प राहिला.) गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला, या हंगामानंतर काठी हातात घेतलीस तर ती चालायला लागेल. म्हणजे यंदा नाहीतर कधीच नाही.

आणि यंदाच माझ्यावर बंदी आली.

झालं काय, उपांत्य सामन्यात मी मारलेला चेंडू दांडीखालून आत गेला. स्वच्छ गेला. जाळी हलली, पाठीमागची गायसुद्धा दचकली. पण गोलखांबापाशी पांढरा कोट घालून उभा असलेला पंच विचारात पडला. आता तो बिचारा चष्मेवाला, आणि चष्मा पावसानं भरलेला. मी वाट पाहिली. खरंच पाहिली. मग त्याच्या पायाशी पडलेला हिरवा झेंडा मीच उचलला आणि गोल झाल्याचं मैदानाला कळवलं. एवढंच. कोणाला हात लावला नाही, शिवी दिली नाही, झेंडा व्यवस्थित गुंडाळून परत ठेवला. तरी जिल्हा मंडळानं मला सहा महिने बाहेर बसवलं. शंभर वर्षांत खेळाडूंनी पंचांना नदीत टाकलं आहे, पण पंचाचं काम त्याच्यासाठी करून देणारा मीच पहिला, असं मंडळाच्या अध्यक्षाचं म्हणणं पडलं. तो सामना आपण तसाही जिंकला, त्यामुळे गाव खूश आणि मी घरी. आईनं त्या संध्याकाळी गाळणी काढली, धुतली आणि पुन्हा खिळ्यावर लावली.

पण दिनी हॅकेट हा माणूस डेअरीच्या नोकरीत उगाच नाही एवढी वर्षं टिकला. त्यानं एक वाट काढली. (ती कोणती, ते पुढे. आधी विजय ऐक. विजय नीट ऐकल्याशिवाय ती वाट तुला पचणार नाही.) सांगायचं ते हे की अंतिम सामन्याच्या दिवशी मी मैदानावर होतो, आईनं शिंपडलेलं पवित्र पाणी मानेवरून ओघळत होतं आणि माझी कवळी टोपीत होती.

माझ्यासमोर लिसगोरीचा बार्टली क्विल. तू त्याला पाहिलं आहेस, शेणखताच्या गाडीएवढा रुंद, आणि तितकाच हलवायला अवघड. गेली वीस वर्षं तो आणि मी एकमेकांच्या नडग्या ओळखतो. मला पाहिल्यावर म्हणाला, "काय रे म्हाताऱ्या, पेन्शन इथं वाटतात असं सांगितलं का तुला कोणी?" मी म्हटलं, "पेन्शन घेतो, आणि जाताना तुझ्या बायकोला तुझं नाक नेऊन देतो." (दात नसल्यामुळे यातलं अर्धंच त्याला कळलं असावं, पण भाव पोचला.) स्वतः बिशपसाहेबांनी चेंडू टाकून खेळ सुरू केला आणि झगा सावरत असे पळाले की त्या दिवशीची सर्वांत चांगली धाव तीच होती.

आता हे नीट वाच. पूर्वार्धात बार्टलीनं मला चेंडूचा वास येऊ दिला नाही. एकदा त्याचं कोपर माझ्या उजव्या भुवईवर आलं आणि चार टाके पडले. आपल्या गुरांच्या डॉक्टरनं बाजूच्या रेषेवर बसवून घातले. वासरापेक्षा कमी हललास, म्हणाला. उत्तरार्धात डाव्या गुडघ्यानं राजीनामा दिला. शेवटचं मिनिट आलं तेव्हा आपण दोन गुणांनी मागे होतो, म्हणजे दांडीवरून मारून मिळणाऱ्या एका गुणाचा उपयोग नव्हता, गोलच हवा. तीन गुण. लिसगोरीच्या बायकांनी विजयाच्या शेकोट्यांच्या लाकडांची चर्चा सुरू केलेली मला ऐकू येत होती. तेवढ्यात मागून उंच चेंडू आला. मी आणि बार्टली एकदमच उडालो. म्हणजे तो उडाला, मी नुसता इरादा केला. त्याच्या काठीखाली माझी काठी सापडली आणि मधोमध मोडली. चेंडू खाली पडला, मी त्याच्याही खाली पडलो, आणि माझ्यावर निदान सहा माणसं. त्या ढिगाऱ्याच्या तळाशी, मॅलकी, गवताला नाक लावून, मला चेंडू दिसला. वीतभर अंतरावर. हातात अर्धी काठी. बाबा म्हणायचे ना, की हवेतला चेंडू देखणा असतो, पण जमिनीवरचा आपला असतो. मी अर्ध्या काठीनं, पालथा पडल्या पडल्या, त्याला असा हाणला की तो बार्टलीच्या दोन बुटांमधून, गोलरक्षकाच्या पोटाखालून, आत.

मी डोकं वर काढलं. पंच चेंडूकडे बघतोय, मी पंचाकडे बघतोय, आणि हिरवा झेंडा माझ्यापासून हातभर लांब पडलेला. एवढ्या वर्षांत मी केलेली सर्वांत अवघड गोष्ट तो गोल नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. बिचारा पंच वाकला. झेंडा उचलला. हिरवा.

पुढचं काय सांगू? गावाच्या शिवेपासून कप पायी न्यायचा, म्हणून सगळे शिवेवर गाडीतून उतरलो. प्रत्येक घरासमोर शेकोटी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाई, कारण धारा काढायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं आणि त्या स्वतः चौकशीला आल्या होत्या. मला दोघांनी खांद्यावर घेतलं होतं, एक माझ्यापेक्षा उंच आणि एक बुटका, त्यामुळे अख्खी मिरवणूक मी तिरपा पाहिली. स्मशानापाशी कोणी न सांगता सगळे थांबले. दिनीनं कप बाबांच्या दगडावर ठेवला. मग दगडावरच्या बाबांच्या नावाला म्हणाला, "ठीक आहे, टॉम? आता येतो," आणि आम्ही पुढे निघालो.

आणखी काय लिहावं? माझा खेळ संपला आणि चांगल्या जागी संपला. तुझी प्रकृती सांभाळ. बनियन घाल.

तुझा,
कोलमन

ता. क. आता दिनीची वाट. खेळाडूचा बाप्तिस्मा गावातला हवा, हा नियम तुला ठाऊक आहे. दिनीनं बाप्तिस्मा झालेले सगळे पुरुष आठवून पाहिले. जे धड होते ते संघात होते, आणि मेलेल्याच्या नावानं खेळावं तर लिसगोरीवाले स्मशानात जाऊन खात्री करतात. उरलास तू. बाप्तिस्मा इथला, वय जमण्यासारखं, चेहरा माझाच, आणि आक्षेप घ्यायला बॉस्टनपर्यंत कोण जातंय? तेव्हा अंतिम सामन्यातला विजयी गोल मॅलकी टुहीनं केला आहे. कर्ण्यावरून तसं पुकारलं गेलं. मंडपात बसलेले बिशपसाहेब ते ऐकून आपल्या कॅनन लॅफींना म्हणाले, "टुही? मी दीक्षा दिलेला, तोच का हा?" कॅनन आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. म्हणाले, "त्याच घरातला आहे, बिशपसाहेब."

ता. ता. क. कप देताना बिशपसाहेबांनी माझा हात धरला, डोळा मिचकावला आणि कानात म्हणाले, "फादर, मी काही पाहिलं नाही. पण तो गोल पाहिला." माझ्या तोंडात दात नव्हते, त्यामुळे मी नुसतं हुं म्हटलं, त्यांना तो विनय वाटला. आता खरं काम. बिशपसाहेब पुढच्या महिन्यात बॉस्टनला येत आहेत आणि तुझ्याकडे जेवणार आहेत. गोल पुन्हा तुझ्या तोंडून ऐकायचा आहे, म्हणाले. वर एवढं सविस्तर का लिहिलं ते लक्षात आलं असेल. पाठ कर. डाव्या पायानं लंगड. उजव्या भुवईचं तू बघ; एखादं मजबूत दार असेलच. दातांबद्दल मी आग्रह धरत नाही.

ता. ता. ता. क. बार्टली क्विलनं आक्षेप का घेतला नाही, असं तू विचारशील. सामन्यानंतर हात मिळवताना म्हणाला, "तुमच्या फादरला सांग, चर्चमधली मिस्सा सांभाळून बरा खेळतो. आमचा गोलरक्षकही कालच सिडनीहून आलाय. अजून आला नाही म्हणा, पण खेळला."

शेवटचं. परवा मेडलं आली. जिल्हा मंडळाला यंदा उत्साह फार, प्रत्येकावर नाव कोरून पाठवलं आहे. माझ्यावर 'मॅलकी टुही' असं, वेलबुट्टीसकट. आईनं हातात घेतलं, चष्मा लावला, वाचलं. वर तुझ्या फोटोकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, हेही आता त्या दिव्याजवळ जाणार. मी म्हटलं, "ठेव त्याच्यापुढे, त्याचंच नाव आहे." ती म्हणाली, "गप रे. फोटो त्याचा आहे, खिळा तुझा." तिनं गाळणी काढून मोरीपाशी टांगली आणि मेडल खिळ्यावर लावलं, नावाची बाजू भिंतीकडे करून.