माउस नेला की दिवा लागणार

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून गेम. तीन आठवड्यांची रजा टाकली. साहेब म्हणाले, खुशाल घ्या, तुमच्यावाचून काही अडत नाही. मोठ्या मनाचा माणूस.
२४ला चिऊचा वाढदिवस. लेक तिच्या आईकडे असते, दुसऱ्या गावी. तिला भेट म्हणून गेम. एक घर, सात खोल्या. ज्या वस्तूवर माउस नेऊ ती उजळणार, खाली एक ओळ येणार. क्लिकसुद्धा करायचं नाही, नुसतं जवळ जायचं. याला होव्हर म्हणतात. किरकोळ काम आहे.

५ फेब्रुवारी
घर उभं राहिलं. होव्हर तेवढा बाकी. म्हणजे नव्वद टक्के झालंच.

८ फेब्रुवारी, दुपार
दिव्यावर माउस नेला, मांजर उजळलं. खुर्चीवर नेला, मांजर. खिडकीवर, मांजर.
कारण सापडलं. कॉम्प्युटरला वस्तू कळत नाही, तिच्याभोवतीची अदृश्य पेटी कळते. मांजराची पेटी खोलीएवढी झालेली. एक शून्य जादा पडलं. की-बोर्डच हलक्या प्रतीचा.

९ फेब्रुवारी
पेटी लहान केली. आता काहीच उजळत नाही. मांजरसुद्धा नाही. प्रगती आहे.

१२ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरचे इलेक्ट्रिशियन काका बेल वाजवून आले. म्हणाले, चार दिवसांत तुमचं दार वाजलं नाही, म्हटलं बघून यावं. गेम दाखवला. दिवा लागत नाही म्हटल्यावर म्हणाले, फ्यूज बघितला का? हसू आवरलं. अशा माणसांनी एकाग्रता मोडते. उद्या परत येतो म्हणाले. दुसरा कप घासून ठेवला.

१३ फेब्रुवारी
काका आले नाहीत. बरंच झालं. सात वाजता कप पालथा घातला.

१५ फेब्रुवारी
चिऊला फोन. तिच्या आईने उचलला. चिऊ क्लासला गेलीय म्हणाली. कसला क्लास, विचारायचं राहिलं. मलाही कुठे वेळ होता.

१८ फेब्रुवारी, सकाळी ११
सापडलं! सगळ्या घरावर एक पारदर्शक पडदा पसरलेला. शेवटी त्यावर ‘शाब्बास’ लिहून यावं म्हणून मीच टाकलेला. माउस कुठेही न्या, आधी त्यालाच अडत होता. काढला. दिवा लागला! खुर्ची उजळली! मी उभा राहून ओरडलो.
कुणाला तरी सांगावं म्हणून फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. गॅसवाला, प्लंबर, दात. भर कामाच्या वेळी कशाला कुणाला त्रास, म्हणून ठेवून दिला.

२१ फेब्रुवारी
ओळी लिहिल्या. एकूण चौऱ्याऐंशी. खुर्ची: यावर चढून तू भाषण ठोकायचीस. खिडकी: मी ऑफिसातून येताना तू इथून हात करायचीस. मांजर: तुला हवं होतं, मी नाही म्हणालो. चुकलंच.
एवढं कधी कुणाला लिहिलं नव्हतं. लेखणीत दम आहे.

२४ फेब्रुवारी, सकाळी ९
लिंक पाठवली. फोन चार्जिंगला लावून शेजारीच बसलो. योगायोगाने.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
चिऊचा फोन आला. स्वतःहून. म्हणाली, बाबा, घर मस्त दिसतंय, पण त्यात करायचं काय? म्हटलं, माउस ने की दिव्यावर, खाली मी लिहिलेली ओळ येईल. तर म्हणे माउस कुठला, मी मोबाइलवर बघतेय. कॉम्प्युटर बंद पडून दोन वर्षं झाली. मला माहीत नव्हतं.
मोबाइलवर होव्हर नसतोच. बोट टेकलं तर टेकलं, नुसतं जवळ नेलेलं त्याला कळत नाही. हे मी तिला सविस्तर समजावलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, असू दे बाबा, तूच वाच ना, काय काय लिहिलंयस ते.
मी म्हटलं, छे, तशी मजा नाही, ते उजळताना बघायला हवं. बरं म्हणाली. मैत्रिणी आल्या होत्या.

सव्वासात
सगळ्या ओळी मोठ्याने वाचून बघितल्या. घड्याळ लावून. नऊ मिनिटं लागतात.