राजसचं बोरन्हाण

१२ जानेवारी, सोमवार
ताप एकशे दोन! डॉक्टर म्हणे, "फ्लू आहे. पाच दिवस घरी बसा, कुणाच्या जवळ जाऊ नका." वा! पुढच्या सोमवारी हितेशभाई डॉक्युमेंटेशनचा हेड ठरवणार, आणि मी घरी काढा पीत बसू? न्हावा शेव्याच्या कंटेनरांचे कागद करता करता केस पांढरे झाले माझे. खुर्ची त्या कादंबरीला द्यायची? कालपर्यंत बाळंतपणाच्या रजेवर होती बया!

गोळी घेतली, तोंडाला पावडर फासली, गेले. दारात हे म्हणाले, "आशा, मास्क तरी लाव." मास्क लावला की सगळ्यांना कळणार नाही का? एवढी साधी गोष्ट या माणसाच्या डोक्यात शिरत नाही.

१३ जानेवारी
खोकला आला की जिन्यात पळते. कादंबरीचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून. "ताई, बरं नाही का?" धुळीने होतं गं, म्हटलं. लगेच स्वतःच्या बाटलीतलं गरम पाणी दिलं. असं गोड गोड वागूनच वर चढतात या!

१४ जानेवारी, संक्रांत
ऑफिसात टूम निघाली — कादंबरीच्या राजसचं बोरन्हाण इथेच करायचं! लंच टाइमला तिची सासू बाळाला घेऊन आली. सहा महिन्यांचं पोरगं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. अजून धड बसता येत नाही, म्हणजे कुणाच्या तरी मांडीवर हवं. सगळ्या ओरडल्या, "आशाताई मोठ्या, त्यांच्याच मांडीवर द्या!"

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं! पण कारण काय सांगू? समोर हितेशभाई मोबाईल धरून व्हिडिओ काढतायत.

घेतलं. डोक्यावरून चुरमुरे पडले तसं खिदळलं. माझ्या तोंडात बोटं घातली, मग स्वतःच्या. तेवढ्यात खोकला आलाच. आवरेना. त्याच्या टाळूवरच खोकले. "चुरमुरा अडकला," म्हटलं. सगळे हसले.

बाळ गोड आहे. आईवर गेलं नाही, नशीब!

१६ जानेवारी
माझा ताप उतरला. कादंबरी आली नाही — तिला ताप, बाळालाही. हितेशभाई वैतागले, "छोटा बच्चा है, ये तो चलता ही रहेगा." मी म्हटलं, "हो ना, बिचारी." आणि हळूच जोडून दिलं, "माझा एक खाडा दाखवा, सर."

१९ जानेवारी, सोमवार
मिळाली! हेड झाले! पेढे वाटले.

राजस हॉस्पिटलमध्ये आहे, ऑक्सिजनवर, असं कुणीतरी म्हणालं. कादंबरीला फोन करायला हवा. उद्या करीन. आज कशाला तोंड कडू करायचं?

२० जानेवारी
नाही केला.

२२ जानेवारी
पहाटे राजस गेला.

आम्ही सगळे कादंबरीच्या घरी गेलो. सासू येईल त्याला सांगत होती, "हिला नोकरीची हौस! हिनेच ऑफिसातून दुखणं आणलं माझ्या बाळाला." कादंबरी मला बघताच गळ्यात पडली. "ताई, आधी माझाच घसा धरला होता. तरी मी त्याला पाजत राहिले. मीच मारलं त्याला, ताई!"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "तू काय मुद्दाम केलंस का, वेडे?"