कोलासच्या घटस्फोटासाठी एक सही

मोंसार, ६ सप्टेंबर १९७६

प्रिय एल्व्हिर,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. म्हणजे गेले तसे बरेच, पण त्या बातम्या तुझी बहीण तुला ओस्टेंडला कळवतेच. माझं काम वेगळं आहे. आपल्या कोलासला घटस्फोट हवा आहे आणि त्या कागदावर बायको म्हणून तुझी सही लागते.

हसून झालं? मग पुढे वाच. येत्या एक जानेवारीपासून आपली नगरपालिका बंद. नदीपलीकडच्या बोवालमध्ये आपल्याला विलीन करताहेत. आधी कारखान्याची मोठी भट्टी विझली, आता कचेरीही चालली. तीस वर्षं मी नोंदणीच्या खिडकीत बसून गावाचे जन्म, लग्नं, मृत्यू लिहिले. आता खुद्द कचेरीचा मृत्यू कोणत्या वहीत लिहायचा, हे वरून अजून कळवलेलं नाही. लोकांनी तेही सोसलं असतं. पण नव्या मंडळींनी फतवा काढला की एका नगरपालिकेच्या मिरवणुकीत एकच महाकाय बाहुला नाचेल, आणि तो म्हणजे त्यांची बाबेट. आपला कोलास संग्रहालयाच्या तळघरात जाणार. कोलास चार मीटर उंच आणि तळघर अडीच मीटर, तेव्हा त्याचं काय करणार ते तूच समज.

गुत्त्यात नुसता गदारोळ. म्हातारा रेन्झो टेबलावर मूठ आपटून ओरडत होता, “भट्टी नेलीत, कचेरी नेलीत, आता आमचा पोरगाही नेता का रे?” सिसिलीहून येऊन त्याला तीस वर्षं झाली, इथल्या बटाट्यांना तो अजून नावं ठेवतो, पण कोलास मात्र त्याचा. तोडगाही त्यानेच काढला. “लग्न लावून टाका दोघांचं! नवरा-बायकोची ताटातूट करायची कोणाची छाती आहे?” आणि खरंच, बोवालवाल्यांनी मान्य केलं. जोडपं म्हणजे एकच घर, असं ठरलं. जत्रेच्या रविवारचा, म्हणजे सव्वीस तारखेचा मुहूर्तही निघाला.

मग मुलीकडची माणसं स्थळ बघायला आली. म्हणजे बाबेटच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, मादाम पिरॉन. त्यांनी कोलासचा वेताचा सांगाडा हलवून पाहिला, नाकावरचा रंग नखाने खरवडला आणि मग महाकायांची वही मागितली, बाहुल्यांचे बाप्तिस्मे नि लग्नं लिहितो ती. मी भोळेपणाने काढून दिली. चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचलं: १९५१, कोलास, पोलाद ओतणारा, आणि एल्व्हिर मारी दुशेन, शिंपीण, वय बावीस. “अहो, तुमच्या पोराला बायको आहे! आमची बाबेट काय सवतीवर द्यायची?” मी म्हटलं, मादाम, ती गंमत होती. त्या म्हणाल्या, “वहीत लिहिलंय ती गंमत कशी? आमच्या बाबेटचा बाप्तिस्माही असल्याच वहीत आहे. तीही गंमत का?” मी वही मिटली. वहीत लिहिलेलं तेवढं खरं, हे मीच जन्मभर लोकांना खिडकीतून सुनावत आलो.

तुला तो दिवस आठवत असेलच. कोलासची नियोजित वधू सकाळी तयार झाली, पण तिचं कागदाच्या लगद्याचं डोकं वाळलंच नव्हतं आणि ऐन चौकात तिचं नाक गळून पडलं. बँड वाजतोय, गाव जमलंय, नगराध्यक्ष पट्टा लावून उभे आणि ‘पेकेत’ दारूचे चार पेले आधीच पोटात. तू सुईदोरा घेऊन कोलासचा एप्रन टाचत होतीस. ते म्हणाले, “ए पोरी, तू उभी राहा!” आणि तू लाल होऊन उभी राहिलीस. नाव विचारल्यावर घाबरून अख्खं खरं नाव सांगितलंस आणि सहीसुद्धा केलीस. कोलासच्या पोटातून खणखणीत “हो” आला आणि चौकाने टोप्या उडवल्या.

आता मादाम पिरॉनची अट अशी: घटस्फोट राजीखुशीने हवा, सव्वीसच्या आत हवा, आणि कोलासच्या वतीने ज्याने तेव्हा “हो” म्हटलं त्यानेच सही करायची. नाहीतर लग्न नाही. लग्न नाही तर तळघर. त्यावर सगळं गाव हळहळलं, कारण कोलासच्या आत शिरून, त्याला खांद्यावर घेऊन नाचायचा तो गुस्ताव्ह, आणि त्याला जाऊन आठ वर्षं झाली. रेन्झो तर डोळे पुसत घरी गेला. मी तीन दिवस तोंड मिटून बसलो. आज सकाळी मात्र ते उघडलं. साऱ्या गावासमोर सांगितलं, तुला निदान कागदावर सांगतो.

एल्व्हिर, त्या दिवशी गुस्ताव्ह दारू पिऊन बँडच्या मोठ्या ढोलामागे घोरत पडला होता. कोलासच्या आत मी होतो. नंतर तू माझ्यापाशी येऊन म्हणालीस, “आज गुस्ताव्हचा आवाज किती गोड होता रे,” आणि मी मूर्खासारखा मान डोलावली. दोन महिन्यांनी तू ओस्टेंडला गेलीस, तिथेच लग्न केलंस. तुझे यजमान गेल्याचं कळलं तेव्हाही पत्र सुरू केलं होतं, पुरं झालं नाही. आता कोलाससाठी तरी ये. शनिवारी दोनच्या गाडीला मी स्टेशनवर असेन. तू सही कर, मीही करतो. पोराला सुखाने बाबेटकडे जाऊ दे. पण मी तेव्हा जे म्हटलं ते कोलासच्या वतीने नव्हतं, आणि तेवढं मात्र मागे घ्यायला मी तयार नाही.

तुझाच,
आर्सेन