योग्य वेळेची चिठ्ठी

३ एप्रिल, गुरुवार
मुलीचा, हेदामचा फोन. तिला जन्म देणारी आई सापडली, मोकपोला असते, एकोणीसला भेट. मी "छान!" म्हणालो. इतक्या जोरात, की बायको ओकबुन स्वयंपाकघरातून धावत आली, कोण गेलं म्हणून. मला आनंदच आहे. मुलगी दत्तक आहे हे तिला सहाव्या वर्षीच सांगणारा मॉडर्न बाप मी. गाडी धुतली. पुन्हा धुतली.

४ एप्रिल
ओकबुनने परस्पर दत्तक-केंद्रातल्या बांगबाईंना कळवलं. दर गुरुवारी त्यांचा गट बसतो. दत्तक गेलेले, देणारे, वाढवणारे, सगळे. कितीही वर्षं झाली तरी. म्हटलं, एकतीस वर्षांनी मला कसला आधार? बाई म्हणाल्या, माएंग सर, लोक साधारण तेव्हाच येतात.
मार्गदर्शन करायला जाईन. सात मुद्दे काढले.

१० एप्रिल
पहिला मुद्दा: मत्सर नको. माझ्याआधी गटातल्या ताकआजी बोलल्या. मुलाच्या खऱ्या आईला दाखवावा लागू नये म्हणून त्याचा तान्हेपणीचा फोटो त्यांनी लपवला होता. मुद्दे खिशातच राहिले. घसा बसला होता, बाकी काही नाही.
माझी गोष्ट वेगळी. हेदामच्या दुपट्यात त्या बाईची चिठ्ठी होती, "मोठी झाली की द्या." मी लपवली नाही. बीजगणिताच्या गाइडमध्ये जपली. सहाव्या वर्षी लहान होती, अठराव्या वर्षी परीक्षा, सत्ताविसाव्या वर्षी लग्न. योग्य वेळ आलीच नाही.

१७ एप्रिल
गटात सहज विचारलं, माझ्या एका मित्राकडे अशी चिठ्ठी आहे, त्याने काय करावं? सगळे माझ्याकडे बघत राहिले. ताकआजी म्हणाल्या, मित्राला सांगा, चिठ्ठी द्यायला जाताना खिशात रुमाल ठेव.

१८ एप्रिल
हेदाम मुक्कामाला आली. उभं राहून चार शब्द बोलायचं ठरवलं होतं. चिठ्ठी टेबलावर टाकली आणि भांडी घासायला लागलो. हेदामने वाचली. तुम्ही वाचलीत? म्हटलं, छे! मग तिने मोठ्याने वाचली: "कपाळावर हात ठेवल्याशिवाय ही झोपत नाही."
म्हणाली, म्हणून तुम्ही रोज ठेवायचात. आणि चिठ्ठी मात्र मला द्यायची नाही?
माफ केलेलं नाही म्हणाली. उद्या गाडी मात्र तुम्हीच चालवा, मला जमायचं नाही.

१९ एप्रिल, शनिवार
खंबीर राहायचं, मोकपोला पोचल्यावर गाडीतच बसायचं, असं ठरलं होतं. पण ती बाईच गाडीपाशी आली. बारीक, पांढरे केस. कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, चिठ्ठी वेळेवर मिळाली ना तिला?
हो म्हणणं सोपं होतं. तोंडातून निघालं, "नाही. काल दिली." बाई बाजूच्या बाकावर बसल्या. हेदामने त्यांचा हात धरला. माझा नाही. धरू नये, बरोबरच आहे. दोघी बाईंच्या घरात गेल्या, मी बाहेर दोन तास उभा.
परतताना हेदाम मागच्या सीटवर. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, बाबा, स्पीड कमी करा.
'बाबा' एवढंच ऐकू आलं. स्पीड कमी करायचा राहिला. पोलिसांनी थांबवलं, विचारलं, आजोबा, रडताय का? म्हटलं, डोळ्यांत काही गेलंय. मागून हेदाम म्हणाली, खोटं बोलतायत.